मधल्या आळीतला वाडा: कौलं ठेवावीत की पत्रा घालावा?

ओसरी
नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे, पण माहिती जरा सविस्तर देते.

वाईत मधल्या आळीत माझ्या सासरचा वाडा आहे. दुमजली, एकचौकी, म्हणजे मधे एकच चौक. पुढे देवडी आणि सोपा, आत माजघर, देवघर, मागे परस आणि आड. जोतं घडीव दगडाचं, वर विटा आणि पांढऱ्या मातीच्या भिंती, खांब-तुळया सागाच्या. सासू-सासरे तिथेच राहतात, आम्ही कामानिमित्त साताऱ्याला. गेल्या पावसाळ्यात मागच्या पाखीतून, म्हणजे छपराच्या मागच्या उतारातून, माडीवर पाणी उतरलं. उघडीप झाल्यावर माणूस वर चढवला. कौलांखालच्या लाकडी रिपा कुजल्यात, दोन वासे वाळवीनं पोखरलेत आणि बरीच कौलं वानरांनी फोडलीत.

एक मिस्त्री म्हणतो, सगळं उतरवा, लोखंडी अँगल टाकतो, वर रंगीत पत्रा, पंधरा दिवसांत मोकळे. दुसरा म्हणतो कौलंच ठेवा, पण शाकारणीला, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवायला, माणसं तुम्ही शोधा. धाकट्या दिरांचं म्हणणं, आज ना उद्या पाडायचंच आहे, खर्च कशाला? करायचंच तर पत्रा घाला. सासरे म्हणतात, मी आहे तोवर या घरावर पत्रा चढणार नाही.

माझा ओढा कौलांकडे आहे. पण नुसत्या ओढ्यावर दिरांना पटवता येणार नाही. ज्यांनी जुनी घरं राखलीत, दुरुस्त केलीत किंवा नाइलाजाने विकलीत, त्यांनी अनुभव लिहा. वाईचेच पाहिजेत असं नाही.

पसरणी_घाट
कौलं. पत्र्याखाली एप्रिलमध्ये दुपारी झोपून दाखवा, मग बोलू.

वैराटगड
पत्रा. आम्ही घातला. आता दर वर्षी मे महिन्यात माणसांच्या मागे फिरावं लागत नाही. जुनं ते सोनं म्हणणारे वर चढायला येत नाहीत.

कृष्णाकाठ
ओसरीताई, मी वाईचाच, गणपती आळीतला. वय सत्तरीच्या पुढे, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल, चालवून घ्या.

वाईच्या आळ्या म्हणजे केवळ पत्ते नव्हेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, अशा सात. प्रत्येक आळी नदीकडे उतरते आणि तिथे तिचा स्वतःचा घाट आहे. घरांची दारं, बोळ, घाटाच्या पायऱ्या ही सगळी एकच रचना आहे. सकाळी स्नानाला नदीवर जायचं, येताना कळशी भरून आणायची, ओल्या पायांनी देवडीतून आत यायचं, याला सोयीची घरं बांधली गेली. म्हणून एक वाडा पडून तिथे चार मजली इमारत झाली, की नुसतं एक घर जात नाही, बोळाचा सगळा उजेड-वारा बदलतो. आमच्या शेजारी हे झालंय. आमच्या चौकातल्या तुळशीला आता सकाळचं ऊन मिळत नाही.

रास्ते मंडळींनी, पेशवाईतल्या सरदार घराण्यानं, हे गाव घडवलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्याच. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं. त्याची मागची भिंत कधी नीट पाहिलीत का? नदीच्या अंगाला ती माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. अडीचशे वर्षांवर कृष्णेचे पूर त्या भिंतीनं झेललेत. ज्या गवंड्यांना पाणी इतकं कळत होतं, त्यांनीच किंवा त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी आपली घरं बांधलीत. तेव्हा छपराला हात घालण्याआधी त्यांनी काय विचार केला होता हे समजून घ्यावं, एवढंच माझं सांगणं.

तुळई
मी स्थापत्य अभियंता, साताऱ्यात काम करतो. भावना बाजूला ठेवून सांगतो.

मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं. चौरस मीटरला पंधरा-सोळा बसतात, म्हणजे चाळीस किलोच्या आसपास. पत्रा त्याच जागेत चार-पाच किलो. लोकांना वाटतं वजन कमी झालं म्हणजे घराचं आयुष्य वाढलं. वाड्याच्या बाबतीत तसं नेहमीच होत नाही. वाड्याचा खांब तळखड्यावर, म्हणजे दगडी बैठकीवर, उभा असतो, जमिनीत पुरलेला नसतो. तुळई खांबावर, तुळईवर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्या), त्यावर माती, वर छप्पर. हा सगळा सांगाडा बऱ्याच अंशी वरच्या वजनानं जागेवर बसलेला असतो. हलका पत्रा टाकला की वळवाच्या वाऱ्यात छप्पर उचललं जाऊ नये म्हणून ते खाली बांधून ठेवावं लागतं. बांधणार कशाला? मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. मग भिंतीच्या डोक्यावर काँक्रीटचा पट्टा टाकतात, तो पट्टा मऊ भिंतीवर जड होतो, भिंतीला तडे जातात, आणि मग तेच लोक म्हणतात वाडा जुना झाला होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. भूकंपात जड छप्पर धोक्याचंच. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आपल्या जिल्ह्यात किती घरं बसली हे घरातल्या मोठ्यांना विचारा. पण लाकडी सांगाडा धड असलेल्या घरात भिंती ढासळल्या तरी खांब-तुळया उभ्या राहतात, सांगाडा हलतो आणि सावरतो. म्हणून पहिला प्रश्न कौल की पत्रा हा नाहीच. पहिला प्रश्न तुमच्या खांबांचे बूड आणि तुळयांची टोकं शाबूत आहेत का, हा आहे. भिंतीत गेलेलं तुळईचं टोक बाहेरून ठणठणीत दिसतं आणि आत भुसा झालेला असतो. टोच्यानं टोचून बघा, हातोडीनं ठोकून आवाज ऐका. वास्यांच्या आधी ते.

ओसरी
तुळई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. रविवारी जाऊन बघते. टोचा म्हणजे साधा सुताराचा चालेल ना?

तुळई
चालेल. जाड सुईसुद्धा चालते. सहज आत गेली तर तिथे लाकूड उरलेलं नाही.

माजघर
माझं मत बहुतेकांना आवडणार नाही, तरी लिहिते.

साताऱ्यातल्या एका जुन्या पेठेत मी वाड्यात वाढले, लग्न होऊन दुसऱ्या वाड्यात गेले. सोप्यावर झोपाळा, पुरुष मंडळी पान जमवत बसलेली, हे सगळ्यांना आठवतं. माजघरात दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा हे कुणी लिहीत नाही. चुलीचा धूर चौकातून जायचा म्हणे, पण आधी आमच्या डोळ्यांतून जायचा. संडास परसाच्या टोकाला. पावसाळ्यात रात्री लहान मूल घेऊन, एका हातात कंदील, अशा त्या वाटेनं मी गेले आहे. महिन्याचे चार दिवस बायकांना मागच्या पडवीत बसवत, त्या पडवीचा कोपरा मला अजून तोंडपाठ आहे.

वाडा पाडा असं मी म्हणत नाही. पण जो राखायचा तो आत राहणाऱ्यांच्या सोयीनं राखा. छपरावर खर्च करणार असाल तर त्याच खर्चात माडीवर एक नीट न्हाणीघर आणि संडास करा. माजघराच्या पाखीत दोन-चार काचेची कौलं बसवा. सासूबाईंना विचारा त्यांना काय हवंय. तुमच्या धाग्यात मिस्त्री बोलले, दीर बोलले, सासरे बोलले. सासूबाई काय म्हणतात?

ओसरी
माजघरताई, आजच फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "कौल काय नि पत्रा काय, मला जिना उतरून रात्री खाली जावं लागू नये." गुडघे दुखतात त्यांचे. काचेच्या कौलांचं ऐकून मात्र एकदम खूश झाल्या, देवघरावर एक बसव म्हणाल्या.

पसरणी_घाट
माजघर यांना शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे आजीनं उभ्या हयातीत सोप्यावरच्या झोपाळ्यावर एकदाही बसून पाहिलं नाही.

दिंडी_दरवाजा
आणखी एक बाजू. देवडीच्या आत पाऊल टाकायची मुभा कुणाला होती? माझे पणजोबा लोहार. वाईतल्या कैक वाड्यांच्या दारांचे खिळे, कड्या, कोयंडे आमच्या घरच्यांनी घडवलेत. काम झाल्यावर मजुरी ओसरीच्या पायरीवर ठेवली जायची. जोत्याचे दगड वडारांनी फोडले, विटा कुंभारांनी भाजल्या, लाकूड सुतारांनी तासलं. "रास्त्यांनी गाव घडवलं" हे वाक्य वाचलं की मला त्यात ही माणसं दिसत नाहीत. कृष्णाकाठ काका, रागानं लिहीत नाही. हा वारसा आमचाही आहे, एवढं धरून चला.

कृष्णाकाठ
दिंडी_दरवाजा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पैसा रास्त्यांचा, हात तुमच्या पणजोबांचे. आमच्या दाराची कडी आजही कुरकुरत नाही आणि ती कुणी घडवली याची घरात कुठे नोंद नाही.

यावरून वाईचीच एक गोष्ट. याच गावात प्राज्ञपाठशाळा उभी राहिली आणि तिथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आले. वेदशास्त्र शिकलेला माणूस, आणि अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे शास्त्राच्याच बळावर सांगत उभा राहिला. 1933 मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास आणि राजगोपालाचारींच्या कन्या यांचा आंतरजातीय विवाह त्यांनीच लावला. पुढे मराठी विश्वकोशाचं कामही वाईत बसूनच झालं. वाड्यांच्या अंधाऱ्या माजघरांबरोबर या आळ्यांत हेही घडलं.

शाहूनगरी
साताऱ्याचा राजवाडा घ्या. प्रतापसिंह महाराजांच्या काळातली इमारत. पुढे तिथेच शाळा भरू लागली आणि 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव त्या शाळेच्या पटावर चढलं. तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. सागवानी खांब, नक्षीचे ब्रॅकेट बघायला येणारे येतात आणि ते रजिस्टर बघायला येणारे वेगळे येतात. मला वाटतं दोघांनी एकमेकांची गोष्ट ऐकायला हवी.

अवांतर: साताऱ्यातल्या पेठांवर कुणी वेगळा धागा काढा. यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, माची, केसरकर पेठ. महादऱ्याचं पाणी उतारानं गावात यायचं, जुन्या वाड्यांतले हौद त्यावर भरायचे. आमच्या चौकातला हौद अजून आहे, त्यात आता आई अळू लावते.

वैराटगड
मूळ प्रश्न पत्र्याचा होता.

गावभाग
सांगलीहून लिहितोय, गावभागातून. पत्र्याबद्दल नाही, भिंतींबद्दल सांगतो, कारण ओसरीताईंच्या माडीवर पाणी आलंय म्हणजे भिंतीतही मुरलं असणार.

आमच्याकडे 2005 ला पूर आला, 2019 ला त्याहून मोठा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. घरांत दिवसेंदिवस पाणी उभं होतं. आमच्या गल्लीतलं निरीक्षण असं, की पाणी असताना घरं उभी होती, पाणी ओसरल्यावर भिंती बसल्या. आणि आधी बसल्या त्या कुठल्या? ज्यांना मधल्या काळात टिकाऊ म्हणून सिमेंटचा गिलावा केला होता त्या. आत माती, बाहेर सिमेंट. आतलं पाणी बाहेर निघायला वाटच नाही. चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्याच्या भिंतींचे पोपडे गेले, रंग गेला, पण त्या हळूहळू वाळल्या. आमची त्यातलीच, अजून उभी आहे.

म्हणून ताई, छप्पर काहीही करा, पण मिस्त्रीनं "ओलीला सिमेंट मारून देतो" म्हटलं तर हात धरा त्याचा. आधी भिंत पुरती वाळू द्या.

चुनखडी
गावभाग यांच्या म्हणण्यावर माझ्या कामातून थोडं. मी चुन्याचं काम करतो, देवळांची आणि जुन्या घरांची डागडुजी.

चुना विकत आणून लगेच वापरायचा नसतो. कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना पाण्यात फोडायचा, तो चांगला मुरू द्यायचा. मुरलेला चुना लोण्यासारखा होतो, थापीला चिकटत नाही. मग एकास दोन किंवा तीन वाळू. जुने लोक त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी घालायचे, आजही घालतात. पहिला हात जाड, तो आवळला की दुसरा, शेवटी बारीक. घाई केली की तडकतो. भिंत आदल्या दिवशी ओली करून ठेवायची आणि काम झाल्यावर काही दिवस पाणी मारत राहायचं. खर्च सिमेंटपेक्षा जास्त येतो, तो मुख्यतः माणसाच्या वेळेचा येतो.

वाळवीसाठी: आधी ओल काढा. ओल तशीच ठेवून औषध मारलं तर पैसे गेले. वासे बदलणार असाल तर चढवण्याआधी काजूच्या टरफलांच्या तेलाचे दोन हात द्या, भिंतीत जाणाऱ्या टोकांना जास्त. कोकणात सगळे करतात. हातमोजे घालून करा, ते तेल कातडी भाजतं.

नळीचं_कौल
एक ऐतिहासिक मुद्दा. सासरेबुवा ज्या कौलांसाठी अडून बसलेत ती मंगलोरी असतील, तर ती पेशवाईतली नाहीत. बासेल मिशन या युरोपातल्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी मंगळूरला यंत्रावरच्या कौलांचा कारखाना काढला तो 1860 च्या दशकात. आपल्याकडे ती त्यानंतर आली. त्याआधी घरांवर कुंभारानं चाकावर फिरवून कापलेली नळीची कौलं, नाहीतर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. म्हणजे वाड्याचं छप्पर यापूर्वीही एकदा बदललंय. तेव्हाही कुणीतरी म्हटलं असेल की मी आहे तोवर ही परदेशी कौलं चढणार नाहीत.

ओसरी
नळीचं_कौल, हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते हसले. म्हणाले, "बदललं असेल, पण बदललेलंही मातीचंच होतं." मला ते उत्तर पटलं.

सातबारा
वकील आहे. रूक्ष वाटेल, पण वाडे वाळवीपेक्षा हिश्श्यांपायी जास्त पडलेत.

आधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. पुष्कळ वाड्यांवर अजून आजोबा-पणजोबांचंच नाव असतं, वारस नोंदी झालेल्या नसतात. आत्या, आणि त्या हयात नसतील तर त्यांची मुलंही, हिस्सेदार असू शकतात, हे घरातले विसरतात आणि विक्रीच्या वेळी बिल्डर आठवण करून देतो. ज्यांना खरंच हिस्सा नको आहे त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्या. तोंडी "आम्हाला काही नको ताई" याला काही अर्थ नाही.

खर्च कोण करणार हे कागदावर आणा. एका भावानं छप्पर केलं आणि पुढे वाटणीच्या वेळी दुसरा म्हणाला मला विचारलं नव्हतं, असे दावे मी पाहिलेत. दिरांचा विरोध असेल तर त्यांना अंदाजपत्रक लेखी पाठवा, उत्तर लेखी घ्या.

जुने भाडेकरू असतील तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू होतो. "पाडायचंच आहे" म्हणणाऱ्यांना माहीत नसतं की पाडून नवं बांधलं तरी भाडेकरूला त्यात जागा देण्याचा प्रश्न येतोच.

जसं होतं तसंच छप्पर दुरुस्त करण्याला फारशी अडचण येत नाही. उंची वाढवली, स्लॅब टाकला, की रीतसर बांधकाम परवानगी. कामापूर्वी आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा.

ओसरी
एक जुने भाडेकरू आहेत, पुढच्या बाजूला, शिवणकाम करतात. भाडं नाममात्र. पण खरं सांगू? सासरे आजारी होते तेव्हा रात्री-बेरात्री धावले ते तेच. त्यांना बाहेर काढून काही करायचं नाहीये.

पसरणी_घाट
एक वेगळाच मार्ग सुचवतो. चित्रीकरणाला द्या! वाई-मेणवलीत कायम कुठल्या ना कुठल्या मालिकेचं नाहीतर सिनेमाचं युनिट उतरलेलं असतं. दोन दिवसांत शाकारणीचा खर्च निघेल.

धोम_जलाशय
देण्यापूर्वी विचार करा. आमच्या नात्यात एकांनी दिला. पैसे मिळाले, वेळेवर मिळाले. पण भिंतीला "जुनी दिसावी" म्हणून मुळातल्याच जुन्या भिंतीवर रंग फासला, दिव्यांसाठी तुळईत खिळे ठोकले, चौकातली फरशी अवजड सामानानं फुटली. द्यायचाच तर करारात लिहा: खिळा नाही, रंग नाही, माडीवर एका वेळी अमुक इतकीच माणसं. अनामत आधी.

मेणवली_फाटा
मेणवलीचा विषय निघालाच आहे तर. नाना फडणवीसांना हे गाव 1768 मध्ये इनाम मिळालं आणि त्यांनी तिथे वाडा, घाट आणि मेणेश्वराचं देऊळ बांधलं. वाड्याला सहा चौक. आतल्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत, त्यांचे रंग अजून ओळखू येतात. घाटावर मोठी घंटा आहे, पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यानंतर आणलेली, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले दिसतात. शेजारी शंकराचं देऊळ आणि त्यापुढे ही घंटा, लहानपणी आम्हाला यात काही वेगळं वाटलंच नाही.

मला सांगायचंय ते असं. नानांचं दप्तर, म्हणजे सगळी कागदपत्रं, याच वाड्यात होती. ती पुढे इतिहाससंशोधक पारसनिसांच्या संग्रहात गेली, साताऱ्याच्या संग्रहालयात होती, आणि 1939 मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला. कागद गेले पण वाडा जागेवर राहिला, कारण घराण्यानं तो सांभाळला. माणसं येऊन-जाऊन असतात, झाडलोट होते, दारं उघडली जातात. बंद वाडा फार लवकर जातो. हवा खेळत नाही, ओल मुरते, एक कौल सरकलेलं वर्षभर कुणाला दिसत नाही. ओसरीताईंचे सासू-सासरे तिथे राहतात ही त्या वाड्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. त्यांची सोय हीच वाड्याची दुरुस्ती समजा.

माजघर
मेणवली_फाटा, शेवटचं वाक्य मी जपून ठेवणार आहे.

कृष्णाकाठ
आळीतली घरं उघडी राहायला आणखी एक कारण आहे, कृष्णाबाईचा उत्सव. हिवाळा सरता सरता सुरू होतो, एकेक आळी पाळीपाळीनं करते. नवस अफझलखानाच्या स्वारीच्या वेळचा, अशी परंपरा सांगते. घाटावर मांडव, कीर्तनं, आळीचं जेवण. पुण्या-मुंबईची, परदेशातली माणसं त्या दिवसांत घरी येतात. येणार म्हणून घर झाडलं जातं, चुना लागतो, फुटकं दार दुरुस्त होतं. उत्सव नसता तर निम्म्या घरांची कुलपं गंजली असती.

ओसरीताई, दिरांना यंदा उत्सवाला सहकुटुंब बोलवा. मुलांना माडीवर झोपू द्या. वाटाघाटी त्यानंतर करा.

वैराटगड
काका, हा मात्र फितवण्याचा प्रकार झाला.

कृष्णाकाठ
अगदी तसाच. पण गोड जेवण घालून.

गावभाग
वाड्याचं लाकूड विकलं जातं तेही एकदा दिरांना दाखवा. आमच्या शेजारचा वाडा उतरवला तेव्हा खांब, कोरीव दारं, खिडक्या सगळं ट्रकमध्ये भरून गेलं. कुठल्याशा रिसॉर्टच्या दारात तो आमच्या ओळखीचा दरवाजा उभा आहे, आत काँक्रीटची भिंत. घरच्यांना मिळालेला पैसा तीन हिश्श्यांत वाटला गेला आणि एकाचंही त्यात नवं घर झालं नाही.

ओसरी
मंडळी, रविवारी जाऊन आले. हालहवाल देते.

तुळईच्या टोकांना टोचा लावून पाहिलं. मागच्या बाजूची एक तुळई भिंतीत चार बोटं मऊ लागली, बाकी सगळ्या घट्ट. खांबांचे बूड चांगले. सुतारानं सांगितलं, तेवढंच टोक कापून नवं सागाचं लाकूड जोडता येईल, तोवर खाली टेकू. वासे दोनच बदलायचे, रिपा मात्र मागच्या सगळ्या पाखीच्या.

दिरांशी बोलले. तुळईंनी दिलेला वजनाचा हिशोब त्यांना पटला, कारण ते स्वतः कारखान्यात फॅब्रिकेशनच्या कामात आहेत. पत्र्याचा हट्ट त्यांनी सोडला. पाडण्याचा विषय सोडलेला नाही, पण खर्चाचा निम्मा वाटा देतो म्हणाले आणि तसं लेखी दिलं. सातबारा यांचे आभार.

ठरलं ते असं: कौलंच. माडीवर जिन्याशेजारच्या खोलीत न्हाणीघर, त्याचं पाणी भिंतीत न जिरता बाहेरच्या नळीनं उतरेल असं. माजघरावर तीन आणि देवघरावर एक काचेचं कौल. मागची भिंत वाळेपर्यंत गिलावा नाही. वानरांसाठी काय करावं हे मात्र अजून कळत नाही.

वैराटगड
अभिनंदन, ताई. माझं पत्र्याचं मत माझ्या घरापुरतं कायम आहे. आमच्याकडे आई एकटी असते, सरकलेलं कौल बघायला रोज कुणी नसतं. वानरांचं म्हणाल तर पत्र्यानंही ती थांबत नाहीत, फक्त फुटत काही नाही. आवाज मात्र असा येतो की पाहुणे जेवता जेवता उठतात. ज्या पाखीवर झाडाची फांदी येते तेवढ्याच भागावर गॅल्व्हनाइज्ड जाळी अंथरतात, रिपांना तारेनं बांधून. फांदीही छाटा. आमच्या चुलत्यांनी तसं केलंय, बराच फरक पडला.

दिंडी_दरवाजा
ताई, दाराच्या कड्या-कोयंड्यांना गंज आला असेल तर घासून पॉलिश करू नका आणि ऑइलपेंट तर मुळीच नको. जवसाचं तेल फडक्यानं पुसा. जमलं तर एकदा येऊन बघीन म्हणतो. आमच्या घरच्यांच्या खिळ्याचं डोकं मला ओळखता येतं.

ओसरी
नक्की या, दादा. घरात येऊन सोप्यावर बसा, चहा घेऊनच जायचं. सासऱ्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवलाय, ते वाट बघतायत.

चुनखडी
शेवटचं, खरेदीला निघण्यापूर्वी. जुनी कौलं उतरवलेल्या घरांची विकत मिळतात आणि ती नव्यांपेक्षा बहुधा चांगली भाजलेली असतात. पण प्रत्येक कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. दोन वेगळ्या छापांची कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, खाचेत फट राहते आणि पाऊस तिथूनच आत येतो. तुमच्या छपरावरचं एक धड कौल बरोबर न्या आणि तिथे शेजारी ठेवून जुळवून बघा. प्रत्येक कौल बोटानं वाजवा, खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर आत चीर आहे. पुढची पाखी न उतरवता चालत असेल तर तिची आणि नव्या-जुन्यांची सरमिसळ करू नका, एका पाखीला एकच छाप. आणि गरजेपेक्षा शंभरेक जास्त आणून परसात भिंतीशी उभी रचून ठेवा, आडवी नकोत, वजनानं खालची फुटतात.